आडवी सायकल

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा चांगला माणूस आहे, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. दारू नाही, सिगारेट नाही, बायकोला कधी टाकून बोलणं नाही. पण मी त्याच्याबरोबर एका खोलीत जरा वेळ बसले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. का जाते, ते आज सांगतेच.

त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, बघितला असेल तुम्ही. शिकणारा चुकतोय असं वाटलं की हा तो दाबतो. पोटापाण्याचा धंदा आहे, ठीक आहे. पण घरी आला तरी याचा पाय तसाच! बहिणीने दूध तापत ठेवलं की हा मागून येऊन गॅस बारीक करणार. ती फोनवर बोलत असली की समोर उभा राहून हातवारे करणार, हे विचार, ते सांग. ती लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. तान्ह्या बाळाची शीर तिला एका फटक्यात सापडते. आणि हा तिला कांदा चिरताना सांगतो, "बोट सांभाळ." काही बोलायला गेलं की चेहरा पाडून म्हणणार, "मी मदत करत होतो."

मी शिवणयंत्रं दुरुस्त करते. बाजारात छोटं दुकान आहे, मागच्या खोलीत राहते. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, तेच बरं झालं. बाजार बुधवारी बंद, म्हणून आमची सायकलवाली टोळीही बुधवारची. पोस्टमनकाका, म्हणजे आता निवृत्त, पण नाव चिकटलं ते चिकटलं, बेकरीवाला, पार्लरवाली, आणि मी. दोन वर्षांपूर्वी धाकटी आली. लॅबमध्ये भांडून तिने बुधवारची सुटी मिळवली. सकाळी निघायचं, नदीकाठच्या रस्त्याने रमतगमत जायचं, सावली दिसली की थांबायचं, पाणी बरं दिसलं की उतरायचं. कोणी जोरात पायडल मारायला लागलं की काका मागून ओरडतात, "मी जन्मभर वेळेवर पोचलोय. आता नाही पोचणार!"

धाकटीला पोहायला काकांनीच शिकवलं. चाळिशी उलटलेली बाई, पहिले कित्येक बुधवार नुसती गुडघाभर पाण्यात उभी राहून काकडायची. मग कंबरभर. मग एक दिवस ती पाण्यावर उताणी तरंगली आणि एकटीच खदाखदा हसायला लागली. तिचा जन्म झाला तेव्हापासून मी तिला ओळखते, पण ते हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आठवड्यातला तो एक दिवस सोडला तर ती सतत कोणाच्या तरी सूचना ऐकत असते. तो दिवस गेला असता तर ती पुन्हा त्या घरात मिटून गेली असती. ते मी होऊ देणार नव्हते, काय वाट्टेल ते झालं तरी.

आता आमचा नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरून झालं. पाण्यात उतरायच्या आधी आपली सायकल काठावरच्या गवतात आडवी टाकायची, कपड्यांची पिशवी हँडलला अडकवलेली. बाहेर आलं की अंग पुसायच्याही आधी सायकल उभी करायची. आडवी सायकल म्हणजे माणूस पाण्यात. पाण्यात भिजलेली डोकी सगळी सारखीच दिसतात, त्यात काकांना लांबचं दिसत नाही, म्हणून त्यांनीच ही युक्ती काढली. डोकी बघायची नाहीत, सायकली बघायच्या. आणि दुसऱ्याच्या सायकलला हात लावायचा नाही. वर कावळा येऊन बसला तरी लावायचा नाही.

त्या बुधवारी जावईबापू आमच्याबरोबर आले. शिकाऊ गाडी गॅरेजमध्ये होती, त्यामुळे रिकामा होता. "बघू तरी, काय असतं तुमचं ते," म्हणाला. धाकटीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "सगळ्यांनी येऊ नये असं असतं ते." त्याला वाटलं मी गंमत करतेय. हसला.

पहिल्या वळणापासून सुरू झाला. "डावीकडे घे. गिअर बदल. अगं, मागून टेम्पो येतोय." टेम्पो तिलाही दिसत होता, आम्हालाही दिसत होता, टेम्पोवाल्यालाही आम्ही दिसत होतो. नदी लागली, काठाने ती उंच झाडं सुरू झाली, पाण्यावरून गार वारा यायला लागला. इतर वेळी इथे आम्ही सगळे गप्प होतो. आज त्याचं चालूच. "ब्रेकवर बोटं ठेव. दोन्ही हातांची." माझे कान किटले. मी पुढे निघून गेले, तर पार्लरवाली म्हणते कशी, "किती काळजी करतात ना!" तिलाही तिथेच दोन शब्द सुनवावेसे वाटले.

नदी जिथे वळते तिथे आम्ही थांबलो. अलीकडे गवताचा उतार, पलीकडे दाट लव्हाळं आणि मोठे सपाट दगड. काकांनी त्याला नियम नीट समजावून सांगितला. त्याने मान डोलावली. आम्ही सायकली आडव्या टाकल्या आणि उतरलो. त्याला पोहता येत नाही, त्यामुळे तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसला आणि तिथून ओरडायला लागला. "फार आत जाऊ नकोस! बास, बास, तिथेच!" तो ओरडला की धाकटी जरा पुढे जायची. पुन्हा ओरडला की आणखी जरा पुढे. मला गंमत वाटली. मी पाठ फिरवून प्रवाहाच्या वरच्या अंगाला पोहत गेले, तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

बाहेर आले, सायकल उभी केली, केस पिळले. धाकटीची सायकल जागेवर नव्हती. म्हणजे ती बाहेर आली, कपडे घालून वर रस्त्यावर गेली. त्यात शंका घ्यायचं कारणच नव्हतं, त्या खुणेने आम्हाला कधी फसवलं नव्हतं. तोही काठावर दिसत नव्हता; त्याची सायकल कुठे आहे, ते मी बघितलंही नाही. म्हटलं, नेलं असेल लवकर घाई करून, आणि पुन्हा सगळ्या रस्ताभर ते गिअर-पुराण ऐकायचंय. या विचारानेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी कपडे चढवले आणि कोणासाठी न थांबता सायकल वर चढवून निघाले. पुढचा थांबा जुन्या पुलाखाली, डबे तिथे खायचे. तिथपर्यंत एकटीनेच गेले. शांत, बरं वाटलं.

मागून काका आले, पार्लरवाली आली. मग शेवटी बेकरीवाला आणि तो, मोटारींच्या गप्पा मारत, आरामात.

"ती कुठाय?" मी विचारलं.

"तुमच्याबरोबर आली ना?" तो म्हणाला.

"माझ्याबरोबर? ती तुमच्याबरोबर होती!"

"नाही हो ताई. मी म्हटलं, तुम्ही पुढे गेलात म्हणजे ती तुमच्याबरोबरच."

पार्लरवाली म्हणाली, "पण तिची सायकल तर नव्हती काठावर. मी बघितलं ना." काका म्हणाले, मीही बघितलं. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सायकल मी वर नेऊन ठेवली होती. चढ आहे, तिला जमत नाही. मी आपली मदत..."

पुढचं ऐकायला मी तिथे नव्हतेच. तशी सायकल मी जन्मात कधी हाणली नव्हती. सगळ्या रस्ताभर एकच डोक्यात, ती पाण्यात होती. ती पाण्यात होती आणि आपण डबे सोडत होतो.

काठ रिकामा. नदी आपली वाहतेय, जसं काही झालंच नाही. मी कपड्यांसकट पाण्यात शिरले. मागून काका आले आणि त्या वयात बुटांसकट शिरले. बेकरीवाला खालच्या अंगाला पळत सुटला. आणि हा काठावर उभा राहून ओरडत होता, "अगं! अगं ए!" बायकोला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही या माणसाने. आताही नदीला "अगं, अगं" करत होता. मी बुडी मारायची, वर यायची, तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी, आणि कानांत ते "अगं". त्या क्षणी तो हाताशी सापडला असता तर मी त्याला सोडला नसता.

तेवढ्यात ती आली. पाण्यातून नाही, काठच्या पायवाटेने, चालत. खालच्या अंगाला पाण्याचं पंपघर आहे, तिथल्या बाईचा रेनकोट अंगात, पाय अनवाणी, आणि हातात अर्धी खाल्लेली काकडी. आम्हाला बघून थांबली. चेहऱ्यावर काहीच नाही. पार्लरवाली माझ्या कानात म्हणाली, "धक्का बसलाय बिचारीला."

तो धावत गेला आणि तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. रडू दे, म्हटलं. पण रडून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि काय म्हणाला माहितीये? "बस्स. आजपासून सायकल नाही आणि नदी नाही. मला हे सहन होणार नाही."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या! बेकरीवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पार्लरवालीच्या डोळ्यांत पाणी. काकासुद्धा म्हणाले, "थोडे दिवस जाऊ देत, मग बघू." अरे, सायकल हलवली कोणी? मी वर गेले, शोधली, तर रस्त्यावरच्या चहाच्या दुकानामागे, चोरी होऊ नये म्हणून लपवून ठेवलेली. पिशवी हँडलला, त्यात कपडे, फोन, चपला, सगळं. निघताना दुकानामागे एकदा डोकावायला काय झालं होतं? हे मी सगळ्यांसमोर विचारलं, अगदी आवाज चढवून विचारलं. तर मलाच सांगतात, "जाऊ द्या हो, त्यांच्या मनावर आधीच किती परिणाम झालाय."

नंतरचे दिवस तर विचारूच नका. स्कूलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगणं चालू. बायको कशी जाता जाता वाचली, याने कशी नदी पिंजून काढली. पँट गुडघ्याच्या वर भिजली नव्हती त्याची! माझ्या दुकानात मशीन घेऊन आलेली एक बाई मलाच ती गोष्ट सांगायला लागली. मी तिचं मशीन न बघता परत दिलं, सुई उलटी बसवली आहे, घरी जाऊन सुलटी करा, म्हटलं. सुई सुलटीच होती.

धाकटी फोनवर नुसतं "हो", "बरं", "बघू". पुढचा बुधवार आला, ती आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन थडकले.

बघते तर गॅलरीत तिची सायकल छताच्या हुकांना टांगलेली, दोन्ही चाकं काढून भिंतीला लावलेली. "गंजायला नको," तो म्हणाला. झालं. मी सुरू झाले.

"नियम सांगितला होता की नाही तुम्हाला? मान डोलावली होती की नाही? ती बुडाली असती तर तुमच्या त्या मदतीने बुडाली असती. आणि शिक्षा तिला?"

"शिक्षा कसली, ताई? काळजी आहे ती. तो चढ तिला जमत नाही."

"दोन वर्षं चढवतेय ती सायकल तिथून! तुम्ही होतात का बघायला?"

"आणि काही झालं असतं तर? तुम्ही जबाबदारी घेतली असती?"

"तुमच्यापेक्षा बरी घेतली असती!"

धाकटी टेबलावर लॅबचा पांढरा कोट इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं.

"मी बघत होते," ती म्हणाली.

"काय बघत होतीस?"

"पलीकडून. नदी पार केली होती मी, पहिल्यांदाच. लव्हाळ्यात दगडावर बसले होते. यांनी माझी सायकल उचलली, तेव्हा मी बघत होते."

"मग हाक का नाही मारलीस?" मी आणि तो एकदमच म्हणालो. आजवर आमचं दोघांचं कशावर एकमत झालं असेल तर ते एवढंच.

"म्हटलं, बघू या. सायकल नेली, कपडे नेले, चपला नेल्या. बाई राहिलीये, हे कधी लक्षात येतंय बघू." ती त्याच्याकडे बघत होती. आवाज अगदी साधा, जसा पेशंटला मूठ आवळा म्हणून सांगते तसा. "तुम्ही परत खाली आलात, स्वतःची सायकल घेतलीत, आणि गेलात. नदीकडे एकदासुद्धा वळून बघितलं नाहीत. मग पोहून परत यायच्या आधी मी आणखी थोडा वेळ बसले. खरं सांगू? बरं वाटलं. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं."

तो खुर्चीत बसला. माझ्या अंगात काय संचारलं काय सांगू! टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. "ऐका!" मी म्हटलं. "ऐकलंत? आता ऐका!"

"तूही गेलीस की, ताई," ती म्हणाली.

"अगं, मला वाटलं तू यांच्याबरोबर..."

"तू सायकलीच्या जागेकडे बघितलंस. यांना हाक मारायची नव्हती मला. तुला मारणार होते. उभी राहिले, हात वर केला. चांगला उंच केला. पण तू खाली बघून केस पिळत होतीस आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होतीस. यांनाच शिव्या देत असशील."

देत होते. खोटं कशाला बोलू. एकूण एक आठवत होत्या मला त्या शिव्या.

मग मीही चिडले, तिच्यावरच चिडले. "अगं, मी मेले होते भीतीने! काका त्या वयात बुटांसकट पाण्यात शिरले! काही वाटलं का तुला?"

"काकांकडे दुसऱ्याच दिवशी गेले होते. पाय धरायचेच बाकी ठेवले. त्यांनी मला दोन तास बोल लावले, मी ऐकून घेतले." ती थांबली. "तुमची दोघांची नाही मागणार माफी."

तो उठला आणि स्टूल आणायला निघाला. "मी सायकल काढतो खाली."

"राहू दे. मी काढते."

तिने स्टूल आणलं, सायकल उतरवली, जमिनीवर उलटी ठेवून चाकं बसवायला लागली. तो दाराशी उभा, मी त्याच्या शेजारी. मागच्या चाकाची साखळी चुकीच्या दात्यावर बसत होती, मला स्पष्ट दिसत होतं, आणि माझं तोंड उघडलंसुद्धा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. तिने चाक पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं, तेलकट हात गुडघ्याला पुसले.

"उद्या मी जाणार आहे," ती म्हणाली. "काकांना सांगितलंय. तुम्ही दोघंही येऊ नका."

"दोघंही?" मी विचारलं.

"दोघंही."

दोन वर्षं त्या बुधवारासाठी भांडले कोण? लॅबमध्ये कसं बोलायचं ते शिकवलं कोणी? त्या दिवशी सगळ्या टोळीसमोर एकटी तंडले कोणासाठी? हे सगळं तिला सुनवायचं होतं मला. सुनवलंही असतं. पण हात वर केलेली ती डोळ्यांसमोरून हलेना. चप्पल घालून निघून आले.

बुधवारी बाजार बंद. सगळी शटर खाली, माझं एकटीचं वर. एक जुनं मशीन उघडून बसले. तेवढ्यात शिकाऊ गाडी दुकानासमोर थांबली आणि जावईबापू उतरले. आत आला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"पोचली असेल ना एव्हाना?"

"मला काय विचारता?"

"फोन करून बघू?"

"फोनला हात लावून तर बघा."

त्याने फोन खिशात ठेवला. थोड्या वेळाने मी स्क्रू बसवत होते तर म्हणाला, "तो जरा तिरका..." मी वर बघितलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तो हाताची बोटं एकमेकांत अडकवून जमिनीकडे बघत बसला होता.

मग तसाच खाली बघत म्हणाला, "तुम्हाला निदान हात तरी केला तिने."

मी तो स्क्रू पुन्हा काढून बघितला. तिरकाच बसला होता, आणि त्याचाही मला रागच आला.